भोकं आधी, भिंत नंतर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, माझ्या मागे काय कोणाचे व्हावे ते इथे स्वहस्ते लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले, ते मी त्यांच्या आधी संपवले. दडपण कोणाचे नाही. धाकट्या बहिणीने आणून पाहिले, पण ती लहानपणापासून माझ्यापुढे टिकत नाही.

एक. राहते घर बहिणीला. न्हाणीघरातला नळ तिने दुरुस्त करून घ्यावा. मी नऊ वर्षे आज-उद्या करत राहिले. वरच्या खोलीची खिडकी मात्र बुजवू नये. तिथला उजेड कामाचा आहे.

दोन. बँकेतली ठेव बहिणीला आणि भाच्याला निम्मी-निम्मी. माझ्या शोकसभेत भाच्याने बोलू नये. त्याला थांबता येत नाही.

तीन. पुस्तके महाविद्यालयाला. ज्या खोलीत जुन्या विभागप्रमुखांची तसबीर आहे तिथे ती ठेवू नयेत. तिथे कोणी फिरकत नाही; उरलेल्या आयुष्यात तरी ती कोणीतरी उघडावीत.

चार. आता मुद्द्याचे. माझ्या कपाटात एक लाकडी पेटी आहे, तिच्यात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या बारा काचपट्ट्या. प्रत्येकीवर लाल फुली आहे. ती मी मारली.

झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्या पेशींच्याच बनतात. पेशी जिवंत असताना आपल्या भिंतीवर आतून जाड थर चढवते. कोवळ्या भागात तो स्प्रिंगसारखा वेटोळे घेतो, कारण पेशीला अजून लांब व्हायचे असते. पुढे वाढ थांबली की थर सगळीकडे चढतो, मध्ये मध्ये भोके ठेवून. भिंत पुरी झाली की पेशी मरते, आतून रिकामी होते, आणि मग पाणी वाहते. एवढे कोणीही विद्यार्थी सांगेल. मी अकरा वर्षे घालवली ती एका प्रश्नावर: ती भोके मुळात सोडलेली असतात की मागाहून पोखरलेली? थर कुठे चढायचा हे पेशीतले बारीक धागे ठरवतात. माझे म्हणणे होते की धाग्यांचे जाळे अखंड असते, थर सलग चढतो, आणि भोके नंतर पडतात.

खोडाचे पातळ काप, म्हणजे छेद, घ्यायला आमच्याकडे एकच माणूस होता. त्याच्या बारा छेदांत थर चढण्याआधीच जाळ्यात मोकळ्या जागा दिसत होत्या. फाटका छेद मोजायचा नाही, त्याच्या काचपट्टीवर लाल फुली मारायची, हा विभागाचा शिरस्ता. मी बारा फुल्या मारल्या.

"पातं बोथट झालंय तुझं," मी म्हणाले.

"बाई, पातं लागलेलं नाही. जागा सारख्या अंतरावर आहेत. पातं असं मोजून फाडत नाही."

"तू काप. बघायचं काम माझं."

त्यानंतर 'हात बेफिकीर' असा शेरा मी लेखी दिला आणि त्याची नोकरी गेली. माझा लेख छापून आला. चार वर्षांनी दुसऱ्या एका प्रयोगशाळेने दाखवले की जिथे भोक व्हायचे तिथले धागे पेशी आधीच मोडून टाकते, म्हणून तिथे थर चढतच नाही. भोके आधी, भिंत नंतर. मी ते वाचले आणि गप्प बसले. निरोपाच्या सभेत माझ्या अचूकतेचे कौतुक झाले, तेही ऐकून घेतले. मला त्याची लाज वाटते. त्या पट्ट्या फेकून द्यायच्या होत्या, पण मी फेकल्या नाहीत. म्हणजे कुठेतरी मला कळले होते.

पाच. ही पेटी, माझा सूक्ष्मदर्शक आणि सगळी पाती त्या माणसाला. तो आता बाजारामागच्या दुकानात खिडक्यांच्या काचा कापतो.

सहा. चूक माझी होती आणि छेद त्याचे बरोबर होते, असे पत्र मी लिहून ठेवले आहे. माझ्या मृत्यूनंतर वकिलांनी ते पत्र माझा लेख छापणाऱ्या नियतकालिकाकडे पाठवावे.

सात. वरचे लिहून झाल्यावर बहीण न सांगता जाऊन त्याला घेऊन आली. काल दुपारी, तेवीस वर्षांनी, तो माझ्या स्वयंपाकघरात उभा होता. बस म्हटले तरी बसला नाही. मी चौथ्यापासून सहाव्यापर्यंत वाचून दाखवले. त्याने एक पट्टी खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिली.

"साक्षीदार कोण आहेत?" त्याने विचारले.

"एक हे वकील. दुसरा शोधायचाय."

"मी करतो सही."

टेबलाशी बसलेले वकील मध्येच म्हणाले, "ज्याला वस्तू मिळणार त्यानं साक्षीला राहायचं नसतं. सही केलीत तर सूक्ष्मदर्शकावर पाणी सोडावं लागेल."

"सोडलं," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आणि बाई, ते पत्र मेल्यावर कशाला? मला बेफिकीर म्हणालात ते जिवंतपणी. हेही जिवंतपणीच म्हणा."

मी वकिलांपुढचा कागद परत ओढून घेतला.

म्हणून पाचवे कलम रद्द. सूक्ष्मदर्शक, पाती आणि पेटी महाविद्यालयात छेद शिकवण्याच्या टेबलावर ठेवावीत. फुल्या पुसू नयेत. त्या कोणी मारल्या ते शेजारी लिहावे. सहावे कलमही रद्द, कारण पत्र आज सकाळी मी स्वतः टपालात टाकले. पावती सोबत जोडली आहे.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

ठिकाण : माझे स्वयंपाकघर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक : १७ नोव्हेंबर
लिहिणारी : (सही)

साक्षीदार पहिला : (सही) व्यवसाय : वकिली
साक्षीदार दुसरा : (सही) व्यवसाय : छेद घेणे

(दुसऱ्या साक्षीदाराच्या नावापुढे वकिलांनी 'काच कापणे' असे लिहिले होते. ते त्याने स्वतःच्या हाताने खोडून दुरुस्त केले आहे. दुरुस्ती मला मान्य आहे.)