डाव्या बाजूची धार

४ फेब्रुवारी

सरकारी काम मिळालं! तीस वर्षं लोकांच्या सुऱ्यांना धार लावली, आता बोथट करायच्या. चौकाचौकांत पेट्या बसवल्यात — चाकू, सुरे आणून टाका, गुन्हा लागणार नाही. पेटी भरली की माझ्याकडे. चाकावर धार घालवायची, मग माल भट्टीत.

खात्याच्या बाई म्हणाल्या, "काका, नियम एकच. कोणी टाकलं ते विचारायचं नाही."

हा कसला नियम! माझ्या एकुलत्या पोराला भोसकणाऱ्यासारखे उद्या सुरा टाकतील नि शीळ घालत घरी जातील! अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

७ फेब्रुवारी

आज एकशे बारा. हात भरून आले. प्रत्येक पातं उचलताना पोरगा आठवतो.

१० फेब्रुवारी

ही आज आपणहून म्हणाली, "अहो, माझी भाजीची सुरी अगदीच गेलीय. धार लावून द्या ना."

अकरा महिन्यांनी हिनं काहीतरी मागितलं! पोरगा गेल्यापासून स्वयंपाक म्हणजे नुसतं उकडणं. ही डावखुरी. म्हणून हिच्या एकटीच्या सुरीला मी डाव्या बाजूनं धार लावतो — लग्नापासून. गिऱ्हाइकं हसायची, "काय हो, बायकोची वेगळी का?" वेगळीच!

जीव ओतून लावली. केस कापेल अशी. हिनं अंगठा फिरवून बघितला, म्हणाली, "छान झाली." मोरीत जाऊन रडलो. वाटलं, आता सावरतेय.

१३ फेब्रुवारी

कोर्टाची तारीख. नेहमीसारखी ही एकटीच गेली. मला नाही जमत. पोराला भोसकणारा तो जामिनावर सुटलेला, आईबरोबर येतो म्हणे — मला ते बघवणार नाही. भित्रा आहे मी, झालं!

वकिलांचा फोन: "वहिनी आत आल्याच नाहीत हो. गेटपाशीच उभ्या होत्या, पिशवी छातीशी धरून. तो आरोपी शेजारून गेला तरी हलल्या नाहीत."

घरी आली ती आडवीच झाली. रात्री ताटात नुसता भात. भाजी का नाही विचारलं, तर म्हणाली, "सुरी सापडत नाहीये." मी गाढव, ओट्याखाली बॅटरी घेऊन शोधत बसलो.

१७ फेब्रुवारी

आज कोर्टाच्या गेटवरची पेटी आली. सत्तावीस नग. एक हातात घेतला आणि चाक बंद केलं.

धार डाव्या बाजूला. केस कापेल अशी.

हिच्यासारखाच अंगठा फिरवून बघितला. मग बोथट केली.

घरी येऊन हिच्याजवळ बसलो. म्हणालो, "पुढच्या तारखेला मीही येतो." ही कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली.

मी विचारलं काही नाही. नियम आहे.