लाल पट्टीचं कार्ड

१४ नोव्हेंबर

चि. चिमणीस,

वहिनीला नमस्कार आणि तुला आशीर्वाद. या वाटणीत घोळ घालू नका.

लोकेशनवर व्हिडिओ एडिटिंग करायला कुठला लॅपटॉप घेऊ, असं तू विचारलंस त्याला तीन आठवडे झाले. ‘काकाला भाव चढलाय’ असं तू घरात म्हणालीस, ते वहिनीने फोनवर सांगितलं. भाव नाही गं. धीर होत नव्हता.

आधी कामाचं. पातळ, देखण्या लॅपटॉपच्या नादी लागू नकोस. दुकानदार दोन बोटांवर तोलून दाखवेल, तू हसून जाडाच मागून घे. पातळ लॅपटॉप उन्हात तापला की मान टाकतो. रॅम बत्तीस जीबीच्या खाली नको. डिस्क मोठी, शिवाय सोबत एक वेगळी. चकाकणारा पडदा नको; उन्हात त्यात स्वतःचं तोंड दिसतं, बाकी काही नाही. बॅटरी कंपनी सांगते त्याच्या निम्मीच धर.

दादाबरोबर शूटिंगला जायचो तेव्हाचा माझा लॅपटॉप पातळ होता. दादा, म्हणजे तुझे बाबा, म्हणाला होता, “अरे, लॅपटॉप घेतलास की आरसा?” मी हट्टाने तोच वापरला.

दादाची एक पद्धत होती. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड भरलं की त्यावर तो लाल चिकटपट्टी लावून माझ्याकडे द्यायचा. मी कॉपी करत असताना लांबूनच ओरडायचा, “झालं का रे?” मी “झालं” म्हटलं की पट्टी काढून कार्डावरचं सगळं पुसायचा. स्वतः कधी तपासायचा नाही. धाकट्या भावाचा शब्द त्याला पुरायचा.

दगडाच्या खाणीत होतो त्या दिवशी लॅपटॉप तापून रेंगाळत होता. पडद्यावर ऊन, काही दिसेना. दादाने विचारलं, “झालं का रे?” खाणकामगाराची मुलाखत खोळंबली होती, आणि लॅपटॉपबद्दल दादाचंच खरं निघालं हे कबूल करणं माझ्या जिवावर आलं होतं. मी म्हणालो, “झालं.”

निम्मंच झालं होतं.

संध्याकाळी पाचला फाइली उघडल्या तेव्हा कळलं. सकाळी खाणीच्या कड्यावरून घेतलेलं सगळं गेलं होतं. मी दादाला सांगितलं, कार्ड खराब निघालं. तो चिडलासुद्धा नाही. “असू दे, अजून थोडा उजेड आहे,” म्हणाला आणि एकटाच पुन्हा कड्यावर चढला. सकाळी मी बरोबर होतो, त्याला पाय कुठे ठेवायचा ते सांगत होतो. आता मी खाली लॅपटॉपला पुठ्ठ्याने वारा घालत बसलो होतो. दगड सुटल्याचा आवाज आला. वर बघितलं तर कड्यावर कोणी नव्हतं.

सगळे म्हणाले, त्याला त्याची हौस नडली. वहिनी म्हणाली तेव्हा मी मान डोलावली. आता तूही लिहितेस, ‘बाबांसारखा वेडेपणा करणार नाही.’ चिमणे, वेडेपणा त्याचा नव्हता. तो माझ्या खोटेपणापायी गेला. नऊ वर्षं हे गिळून तुमच्या घरी जेवतोय.

अजूनही कॉपी लावली की मागून ऐकू येतं, “झालं का रे?” परवा स्टुडिओत भर दुपारी आलं. मी वळून बघत नाही. सगळं पूर्ण झालं तरी तो एक शब्द माझ्या तोंडून निघत नाही, नुसती मान हलवतो. सोबतचे लोक हसतात, हसू देत.

पत्राबरोबर डबीत एक कार्ड आहे. त्या संध्याकाळी कॅमेऱ्यात होतं ते. कॅमेरा फुटला, कार्ड वाचलं. लाल पट्टी मीच लावली आणि आजवर काढलेली नाही. त्यात त्याचा आवाज असेल, अगदी शेवटपर्यंतचा. ते उघडायची माझी छाती झाली नाही, पण ते तुम्हा दोघींचं आहे. नवीन लॅपटॉप आला की वहिनीला शेजारी बसव. आधी हे पत्र वाचून दाखव, मग कार्ड लाव. दोन ठिकाणी कॉपी कर, उघडून बघ, मगच पट्टी काढ.

आणि मागून कोणी विचारलं, तर खरं तेच सांग.

तुझा,
काका
(अजून म्हणावंसं वाटलं तर)