ताई, झिपरीच्या मायचं काय झालं?

प्रिय ताई,

काल पोरं आली होती. तुझ्या शिकवणीची, कुडव्याच्या आपल्या गल्लीतली. तू गेल्यापासून आपल्या दारावरून जाताना ती माना खाली घालायची. काल मात्र परी सगळ्यांना घेऊन सरळ आत आली, चटईवर बसली आणि म्हणाली, "दीदी, झिपरी की माँ का क्या हुआ? ताई ने आधे में छोड़ दिया."

आधे में छोड़ दिया! किती सरळ बोलली गं ती पोरगी! मला इतके दिवस जे म्हणता येत नव्हतं, ते तिने चटईवर बसल्या बसल्या म्हटलं. म्हणून आज तुला लिहायला बसले. दुसऱ्या कोणाला विचारू?

ओलवणची, तू मनानेच रचलेल्या देशाची गोष्ट पहिल्यांदा तू मला सांगितलीस, तो दिवस तुला आठवतो? आपण तेव्हा दरेकशाकडे, आपल्या गावातच होतो. सिकलसेल हा तुझ्या रक्ताच्या आजाराचा शब्द आपल्या घरात नवा होता. माय-बाबा धानाच्या रोवण्याला गेलेले, तू खाटेवर, आणि मी तुझ्या गुडघ्यांना कोमट तेल चोळत होते. दुखणं वाढलं की तू खाटेची दोरी घट्ट धरायचीस. मी रडायला लागले तर तू म्हणालीस, "काऊन रडून राहिली वं निमे? इकडे ध्यान नोको देऊ. गोष्ट ऐक."

दुखत होतं तुला, आणि समजूत माझी काढायचीस!

मायसोबत आपण वारुळावर सात्या खुडायला जायचो, तिथून ती गोष्ट उगवली होती. माय त्या अळंबीच्या छत्र्या भाजीसाठी टोपलीत भरायची. तू मात्र एका सातीच्या बुडाशी बोट घालून माती उकरत बसायचीस. खाली पांढरा दोरा दिसला की तो तुटू द्यायची नाहीस. "हे खालून सगळ्याइले बांधून ठेवते, निमे," म्हणायचीस.

तुझ्या ओलवण देशात तसंच होतं. मंत्र नाही, तलवार नाही. सगळी जादू पायाखाली, बुरशीच्या पांढऱ्या दोऱ्यांत. ज्याला दुखतंय त्याने मातीवर तळवा टेकवायचा आणि कुठे दुखतंय ते खरं खरं सांगायचं; लपवलं की दोरा तुटायचा. दुसऱ्या कोणी आपला तळवा टेकवून "दे" म्हटलं की दोरे ते दुखणं वाटून टाकायचे. कोणाची दाढ थोडी ठणकायची, कोणाच्या टाचेत काटा सलल्यासारखं व्हायचं. दुखणं नाहीसं व्हायचं नाही, पण पूर्ण कोणा एकाच्याच वाट्याला यायचं नाही. आणि सकाळी त्या जागी एक छत्री उगवलेली असायची.

माय धानाच्या पेंढ्या बांधता बांधता ओरडायची, "बुरशीची कायची गोष्ट वं सुशे? बुरशी लागली का धान सडते! राजाराणीची सांग." तू हसायचीस. अजून ऐकू येतं ते हसू.

एका नियमावरून मात्र मी तुझ्याशी भांडले होते. मेलेल्या माणसाला बुरशी परत देत नाही, हा तो नियम. पडलेलं झाड, मेलेला बैल, गेलेलं माणूस, सगळं ती घेते आणि पुढच्याला देते. मागे देत नाही. मी म्हटलं, "तूच बनवलेली दुनिया आहे न? मग बदल नियम!" तू म्हणालीस, "मनाले वाटलं तसं बदलवलं त ते जादू नाई राहात वं. थाप होते."

किती हट्टी होतीस!

पुढे आपण कुडव्याला खोली केली. तू शिकवणी घ्यायला लागलीस, आणि पाढे झाले की पोरांना झिपरीची गोष्ट. झिपरी ओलवणची गुराखीण. तिची माय मरते, आणि ती मोहाच्या झाडाखालच्या सगळ्यात जुन्या बुरशीकडे मायला मागायला निघते. झिपरी त्या मोहापाशी पोचली, तिने मातीवर तळवा टेकवला, आणि तुला ताप भरला.

आता रागावते तुझ्यावर. रागावू दे. त्या आठवड्यात मी दुकानात नवीनच कामाला लागले होते, आणि तू भिंतीला हात लावून चहा करत होतीस. मी विचारलं, "दुखते काय?" तू म्हणालीस, "नाई वं. तू जा दुकानात. पहिल्याच हप्त्यात सुट्टी मांगशील काय?" दुखणं लपवलं की दोरा तुटतो, हा कोणाचा नियम होता गं? माझा होता का? साऱ्या गल्लीच्या पोरांना तू तो शिकवलास आणि माझ्यासमोर रोज मोडलास. कायले?

दवाखान्यात नाकाला नळी, हाताला रक्ताची पिशवी, छातीत श्वास अडकलेला. मी माझा तळवा तुझ्या तळव्याखाली सरकवला आणि म्हटलं, "दे." तू माझी बोटं घट्ट धरलीस. मग म्हणालीस, "लय दुखून राहिलं, निमे. पायात. छातीत बी." उभ्या जन्मात पहिल्यांदा मला खरं सांगितलंस.

आणि मला काहीच दुखलं नाही, ताई! मी वाट पाहत बसले. गुडघ्यात एक कळ तरी यावी, टाच तरी सलावी. काही नाही. धडधाकट बसून होते मी तुझ्याजवळ. ओलवण नाहीच, हे मला तेव्हा कळलं. तू सकाळी गेलीस.

म्हणून काल परीने विचारलं तेव्हा मी बेधडक सांगितलं, "बुरशीने झिपरीचं ऐकलं. तिची माय उठून बसली." मला वाटलं, पोरं टाळ्या वाजवतील. परीने कपाळाला आठ्या घातल्या. "झूठ. मरे हुए को बुरशी वापस नहीं देती. ताई का नियम है."

मी आत गेले आणि ओट्याला धरून रडले. बाहेर आले तर पोरं बसूनच होती. मी म्हटलं, "मुझे नहीं पता आगे क्या हुआ." परी म्हणाली, "तो सोच के बताओ. हम आएँगे फिर." आणि डब्यातले मुरमुरे मागून घेतले.

संध्याकाळी मायचा फोन आला. तू गेल्यापासून ती फक्त धानाचं आणि गाईचं बोलते. तुझं नाव तिच्या तोंडून ऐकलंच नव्हतं. मी तिला पोरं आल्याचं सांगितलं. तिने आधी गाईचंच काढलं. मग म्हणाली, "सुशी त्याइले काय सांगत राहे वं?"

"तीच, बुरशीची गोष्ट."

"मले कधी पूरी सांगतली नाई तिनं."

"तू ऐकतच नव्हतीस, माय."

"आता ऐकतो न," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक कधी नसतो.

तर ताई, मी शनिवारच्या गाडीने दरेकशाला जाते आहे. मायला अगदी सुरुवातीपासून सगळं सांगणार. झिपरी मोहाखाली पोचली की माय मध्येच विचारेल, मला ठाऊक आहे, "मंग उठून बसली असंल न तिची माय?" त्या वेळी मला "नाही" म्हणता आलं पाहिजे. तुझा नियम मी मोडणार नाही. मायचा हात धरेन, आणि नाही म्हणेन.

तुझीच,
निमा