एकच रंग हाय ना?

बाबा, आज माझं डोकं फिरलंय, आणि ज्यांच्यावर चिडायचं ते तुम्ही केव्हाचेच निघून गेलात.

मिहानमधल्या कारखान्यात मी सीटच्या कापडाचे रंग तपासते. दोन तुकड्यांच्या रंगांत किती फरक आहे ते मशीन आकड्यात सांगतं, पण तो फरक डोळ्याला कितीपासून दिसायला लागतो ते माणसालाच विचारावं लागतं. म्हणून पॅकिंगमधल्या बायांना रंग पाहायच्या दिव्याच्या पेटीसमोर बसवते, दोन तुकडे ठेवते आणि विचारते, सारखे की वेगळे? त्यांच्या उत्तरांवरून मर्यादा ठरणार आणि पुढचा सगळा माल तिच्यावर पास होणार. आणि या बाया तुकडे सोडून माझं तोंड पाहतात! निळ्याशेजारी जांभळा ठेवला तरी सारखेच. वेगळं म्हटलं की गठ्ठा परत येतो, पुन्हा पॅकिंग, हे त्यांच्या हाडात बसलंय. इथं तसं काही होणार नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसला. एक तर म्हणाली, "मॅडम, तुमाले काय पाह्यजे ते सांगा न."

तेव्हा मला आपलं घर आठवलं. मी सातवीत असेन. मागावरच्या लुगड्याच्या किनारीचं मरून सूत कमी पडलं म्हणून तुम्ही आणखी रंगवलंत. जुनी लडी, नवी लडी दारात धरून तुम्ही घरभर विचारताय, "एकच रंग हाय ना?" आई हो म्हणते, काका हो म्हणतात. मी म्हणते, वेगळा आहे. "तुले काय समजते वं त्यातलं?" म्हणून तुम्ही मला आत पाठवता. मग गांधीबागेतल्या व्यापाऱ्याकडून लुगडी परत येतात, किनार मध्येच काळपट झालेली, आणि तुम्ही सगळ्यांवर ओरडता, "कोणी बोलले काहून नाही?" काहून नाही म्हणे! हा राग माझा अजून गेलेला नाही. तुमची विचारायची तऱ्हाच अशी, की उत्तर आधीच ठरलेलं.

माझ्या विचारण्याचं तसं होऊ नये म्हणून आज मी तुकडे मांडले, कागदावर खूण करायला सांगितलं आणि दार लावून बाहेर उभी राहिले. मग एकीनं हाक मारली, "मॅडम, या न आत. तुमी नसल्यावर कसं सांगू?" गेले मी. समोर उभी राहिले, आणि तिनं माझ्याकडे पाहून लगेच सांगितलं, सारखेच.

हे पाठवायला पत्ता नाही ते बरंच आहे. असता तर हे लिहिलं नसतं, की माझ्यावाचून अडलं म्हणून तिनं हाक मारली तेव्हा मला फार बरं वाटलं.