पाचशे एक रुपयांचा झोपाळा

३ नोव्हेंबर
आजपासून ऑनलाइन लिलावात उतरलो. जळगावात अक्कल शिल्लक असलेला मी एकटाच, हे आता जगाला कळेल. हॉलमधला सागवानी झोपाळा, पितळी कड्यांसकट, साइटवर टाकला. फोटोत कोकिळाची भाजीची परात येत होती. क्रॉप केली. मूळ किंमत पाचशे एक. स्वस्त दिसलं की मूर्ख जमतात. पुढे भाव चढवायला मी आहेच. मंडळाच्या नारळाच्या लिलावात इतकी वर्षं खोटी बोली लावून भाव चढवतोय, तेही फुकट, देवासाठी.
‘घरपोच मोफत’वरही टिक केली. साठ हजार आल्यावर टेम्पोचं काय कौतुक.

३ नोव्हेंबर, संध्याकाळ
कोकिळा चिडली. झोपाळा तिच्या आबांनी लग्नात दिलेला. दुपारी त्यावरच भाजी निवडते, त्यावरच डुलकी काढते. समजावलं : साठ हजार आले तरच जाईल, नाहीतर शेवटची बोली आपलीच, झोपाळा घरातच. यात हरायला जागाच नाही. तर विचारते, आनि कमी भावमा गया ते? बी.ए. झालेली बाई. गणिताची बोंब.

४ नोव्हेंबर
साडू लोटनभाऊंना धुळ्याला फोन. एसटीतून रिटायर झाले, तोंडाला अजून ब्रेक नाही. म्हटलं, पहिली बोली तुम्ही लावा, बोहनी होऊ द्या. म्हणाले, तुमच्या मेव्हणीचा, हेमलताचा, फार जीव आहे त्या झोपाळ्यावर. म्हटलं, असू द्या, बोली एकच लावा. लावली. पाचशे एक. वर म्हणाले, एवढ्यात मिळाला तर घेऊन जाईन हं. हसलो. काही माणसांना विनोदसुद्धा शिळेच सुचतात.

६ नोव्हेंबर
तीन आयडी उघडल्या. दुबईचा विक्रम (माझा जुना फोन), आर्किटेक्ट भूमिका (कोकिळाचा फोन, ती अंघोळीला गेल्यावर), साक्रीचे कांदा व्यापारी झुलालनाना (टॅब). तिघं एकमेकांवर तुटून पडले. अकराशे एक. पाच हजार एक. अकरा हजार एक. शेवटी एक हवाच. शून्यावर बोली सोडणं आपल्यात शोभत नाही. दुबईत राहिला म्हणून विक्रमने रीत सोडावी काय?

८ नोव्हेंबर
गळाला मासा! खरा! नाशिकच्या कोणी सुलक्षणाबाई. थेट पंचवीस हजार. इतक्यावर समाधान मानणारे लोक जन्मभर हप्त्याच्या स्कूटीवर फिरतात. नानांनी लगेच सव्वीस हजार एक मारले. बाई तीसवर. विक्रम एकतीस हजार एक.
बाईंचा मेसेज : मी बोली लावली की तुमचं गिऱ्हाईक मिनिटात जागं होतं, आणि तिघांनाही शेवटी एकच कसा लागतो? एका ताटात जेवतात का? मी कळवलं, परवडत नसेल तर प्लास्टिकची खुर्ची घ्या.

९ नोव्हेंबर
बाई गप्प. घाबरली. भूमिकाकडून एक्कावन्न हजार एक. पोरगी धाडसी आहे.

१० नोव्हेंबर, दुपार
साइटचा मेल. तक्रार आली म्हणे. तिन्ही आयडी एकाच वायफायवर सापडल्या. बोली संशयास्पद, तिन्ही बाद. नाशिकच्या बाईंना त्यांची बोली मागे घेऊ दिली. या व्यवहारानंतर माझं खातं कायमचं बंद. व्यवहार मात्र रद्द होत नाही. उरलेल्या बोलीला वस्तू विकली गेली, अभिनंदन.
उरलेली बोली एकच. धुळ्याची.
मंडळात नारळ आपल्याच गळ्यात पडला तर लोक हसतात आणि परत लिलाव करतात. या कंपन्यांना संस्कृती नाही.

१० नोव्हेंबर, संध्याकाळ
लोटनभाऊंना म्हटलं, अहो, गंमत होती ती. म्हणाले, गंमत कशी भाऊ, हेमलताने दुपारीच सोफा काढून दिला.
कोकिळा चिंच घेऊन कड्या घासत बसली. लखलखीत केल्या. म्हणजे राग गेला.

१२ नोव्हेंबर
टेम्पो माझ्या खर्चाने. कोकिळा पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे झोपाळ्याला धरून. पारोळ्यापर्यंत कड्या कानाशी वाजत होत्या. धुळ्याला स्लॅबला भोकंही मीच पाडली, कारण लोटनभाऊंना धुळीची अॅलर्जी. दोघी बहिणी बसल्या, झोका घेतला. शेवभाजी वाढली गेली तेव्हा मी शिडीवर होतो. खाली बोलवायचं कोणाला सुचलं नाही. कोकिळा म्हणाली, मी चार दिवस राहते.

२२ नोव्हेंबर
चार दिवस अजून चालूच आहेत. रोज खिचडी. जमिनीवर बसून.
साइट उघडली. लॉगिन होत नाही, पण पान बाहेरून दिसतं. लोटनभाऊंनी माझा रिव्ह्यू लिहिलाय. पाच स्टार. माल एक नंबर. इकणारा माणूस साधा शे.
खाली बारीक अक्षरात : एका व्यक्तीला हा रिव्ह्यू उपयुक्त वाटला.
कोण ते दाबून पाहिलं.
कोकिळा.