गुणाजीचा गळ, माझे कान

दहिसर
नोव्हेंबर १९८६

प्रिय मीरा,

तुझं पत्र पोचलं. बाबांची गळाची काठी कुणालातरी देऊन टाका, असं लिहिलंयस. ती माझ्या दुकानात रंगाच्या डब्यांमागे उभी आहे. परवा एका गिऱ्हाइकाने पडद्याची काठी समजून भाव विचारला. म्हटलं, बाबा रे, हिला मरळ मासळी लागते, पडदा नाही.

हातगाडीवर खिळे विकत मी दुकानापर्यंत आलो तो कानांच्या जोरावर. दार कसं ढकललं यावरून गिऱ्हाईक घेणारं की नुसतं बघणारं, ते मला कळतं. आणि तुझा बाप गुणाजी गिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात कान घालवून बसलेला. आधी फक्त सुटीला यायचा, संपात गिरणी सुटली तसा तो रोजच नदीवर यायला लागला. मरळ श्वास घ्यायला वर येते, 'गुळुप' करते. ते त्याला ऐकू जायचं नाही. म्हणून मी त्याच्या डाव्या बाजूला बसायचो. आवाज आला की खांद्यावर थाप. एक म्हणजे पुलाकडे, दोन म्हणजे वडाकडे. गळ त्याचा, कान माझे. मासा मात्र लबाड एकटाच घरी न्यायचा!

त्याचा नियम तुला ठाऊकच आहे. आधी नदीतून घमेलंभर कचरा काढायचा, मगच गळ टाकायचा. "आधी तिचा घर साफ कर, मगे तिच्याकडे जेवाण माग," म्हणायचा. बाळा शिंपी पहिल्यांदा आला तेव्हा भडकला होता, "मी मासे धरायला आलोय, मुन्शिपाल्टीत नोकरी मागायला नाही!" गुणाजी बहिऱ्यासारखा हसत राहिला, घमेलं पुढे धरून. त्याला ते पक्कं ऐकू गेलं होतं, अशी मला अजून शंका आहे.

श्रावणात तो गेला, आणि रविवारी आमच्याबरोबर नदी साफ करायला येणारी माणसं गळत गेली. आता मी आणि बाळा, दोघंच. वरच्या अंगाने पुन्हा चिंध्या वाहत येतात. एक गोष्ट मला आता कळली. नुसता कचरा काढायला कुणी येत नाही गं. काठावर कुणीतरी गळ टाकून निवांत बसलेलं दिसलं, तर माणूस थांबतो, विचारतो, आणि मग त्याच्या हाती घमेलं देता येतं.

गेल्या रविवारी वडाखाली 'गुळुप' झालं. महिनाभराने पहिल्यांदा. माझा उजवा हात आपसूक उठला आणि दोनदा हवेतच पडला. बाळा बघत होता, म्हणून मी डास मारल्यासारखं केलं.

तर काठी मी कुणाला देत नाही. लहानपणी तू ती धरायचीस तेव्हा गुणाजी म्हणायचा, माझ्यापेक्षा पोरीचा हात हलका. बाराव्यानंतर तू नदीकडे फिरकली नाहीस. का, ते मी विचारत नाही. मुलुंडहून लांब पडतं, तरी या रविवारी ये. आधी घमेलं, तुलाही सूट नाही. मग तू बस, मी डाव्या बाजूला बसतो. तुझे कान चांगले आहेत, माहीत आहे मला. तरी खांद्यावर थाप मारू देशील ना?

तुझाच,
दत्तारामकाका