टकलीचा मुक्काम न्हाणीघरात

४ नोव्हेंबर

टकलीच्या पाठीवर आता एकही पीस उरलेलं नाही! इनमिन तीन कोंबड्या, आणि एवढं राजकारण. हेडबाई टोचते चमचीला आणि टकलीला. चमची टोचते टकलीला. टकलीनं कोणाला टोचायचं? — माझ्या चपलेला. जखमेवर लाल औषध फासलं.

सासूबाईंनी आजही ताट तसंच परत पाठवलं. आमच्याकडे राहायला आल्यापासून हेच. मागची खोली दिलीय — हवेशीर, शांत, कोणाचा त्रास नाही. तरी दोन घास खाऊन हात धुतात.

५ नोव्हेंबर

लाल रंग दिसला की कोंबड्या जास्तच टोचतात! हे आधी कोणी सांगायचं? मी म्हणजे टकलीच्या पाठीवर पाटीच लावली — इथे टोचा. शेवटी तिला उचललं आणि न्हाणीघरात हलवलं. आंघोळ कुठे करायची, असं नवऱ्यानं विचारलं. म्हटलं, टकलीला विचार.

७ नोव्हेंबर

टकलीला स्वतंत्र खोली, मऊ गोणपाट, दाणे, पाणी. बाईसाहेब भिंतीकडे तोंड करून बसल्यात. दाण्याला चोच लावायला तयार नाहीत. एवढं करून वर नखरे!

नणंदेचा फोन. रविवारी येऊन आईला घेऊन जाते म्हणाली, कायमचीच. तुमच्याकडे ती खंगत चाललीय म्हणे. म्हणजे खापर माझ्यावर! मनात म्हटलं, ने बाई, खुशाल ने. खरं सांगायचं तर दिवसभर गुणगुणत होते.

८ नोव्हेंबर

टकली तशीच.

९ नोव्हेंबर

गुरांच्या डॉक्टरला फोन केला. न्हाणीघर ऐकून आधी तो पोटभर हसला. मग म्हणाला, 'एकटी ठेवलीत म्हणून खात नाही. मध्ये जाळी लावा, पण बाकीच्या तिला दिसल्या पाहिजेत.'

म्हटलं, अहो, त्याच तर तिचा जीव घेत होत्या!

'असू दे. तिचं घर तेच आहे.'

खुराड्यात जाळी ठोकली. सोबत स्वतःचा अंगठाही ठोकला. टकलीला पलीकडे सोडलं. हेडबाई तरातरा आली आणि जाळीवर चोच आपटली. आणि टकली — ही मरतुकडी टकली — मान ताठ करून उलट तिच्या अंगावर धावून गेली! मग अधाशासारखी दाणे टिपायला लागली.

मी हातोडी घेऊन तिथेच उभी. समोर मागच्या खोलीचं दार, बंद. आम्ही रोज ताट आत नेऊन देतो. तुम्ही आराम करा म्हणतो. कशाला म्हणून हात लावू देत नाही.

१० नोव्हेंबर

मटारची पिशवी सासूबाईंच्या पुढ्यात ओतली. म्हटलं, सोला, मला वेळ नाही. नवऱ्याचे डोळे पांढरे झाले.

त्यांनी एक शेंग उचलून निरखली. 'हे तू बघून आणलेस? की डोळे मिटून?'

मग उद्यापासून तुम्हीच आणा, म्हटलं. तिथून जी जुंपली आमची! माझं झाडणं, माझं भाजी चिरणं, माझा आवाज, पडद्यांचा रंग — काही सोडलं नाही त्यांनी. मीही सोडलं नाही. नवरा मध्ये पडायला आला, तर दोघींनी मिळून त्याला हाकललं. जेवण पार गार झालं. तसंच खाल्लं. त्यांनी दोनदा भात मागून घेतला.

रात्री सगळं आवरताना रडू आलं मला. उद्या रविवार.

११ नोव्हेंबर

नणंद गाडी घेऊन आली. सासूबाईंची पिशवी दारात भरून ठेवलेली. सासूबाई मात्र खुराड्यापाशी, हेडबाईला दम देत होत्या. तिथूनच म्हणाल्या, 'मी नाही येत. तुझ्याकडे सगळे गोड बोलतात. इथे ही भांडते तरी.'

पिशवी मी आत नेली. मागच्या खोलीत नाही, पुढच्या.